सोमवारी औत धरलं तर काय होतं?

माझे वडील सव्वीस वर्षं एकाच घरी सालगडी होते. सालगडी म्हणजे एका पाडव्याला बोली करून पुढच्या पाडव्यापर्यंत एकाच मालकाच्या शेतात राबणारा माणूस. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण कॉलेजात कुणी ‘वडील काय करतात’ विचारलं की मी ‘शेती’ म्हणायचे आणि शेती कुणाची ते सांगायचे नाही. आज मला त्या उत्तराची लाज वाटते, वडलांची नाही. आमच्यात वडलांना दादा म्हणतात, म्हणून इथून पुढं दादाच.

परभणीहून निघून झरी गाव ओलांडून जिंतूरच्या रस्त्यानं एस.टी. थोडी पुढं गेली की एका फाट्यावर उतरायचं आणि आत चालत जायचं, तिथं आमचं गाव. मालकांचं घर गळ्यात लिंग बांधणाऱ्यांचं. महादेवाची पूजा झाल्याशिवाय त्या घरात कुणी पाण्याला तोंड लावत नसे. त्या घराचा एक नेम होता. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. बैल म्हणजे नंदी आणि सोमवार नंदीच्या धन्याचा. पेरणी तोंडावर असो, आभाळ भरून आलेलं असो, सोमवारी त्यांचं औत कोपऱ्यात उभं आणि बैल दावणीला. बाकीचं गाव अमावस्या पाळायचं. सोमवार पाळणारं घर आमच्या शिवारात ते एकच.

सालाच्या बोलीत सुट्टी नावाची गोष्ट नसते. आजारी पडलात तर तो खाडा, आणि खाडा पुढं भरून द्यायचा. घरात लग्न असलं तरी गोठ्यातलं शेण काढूनच मांडवात यायचं. पण बैल बसले की त्यांच्यामागं चालणारा माणूसही बसायचा. सोमवारी सकाळी दादा गोठा झाडायचे, बैल धुवायचे, वैरण टाकायचे आणि नऊच्या आत घरी यायचे. संध्याकाळी पुन्हा वैरणीला जायचं. मधले सगळे तास त्यांचे. बैलांच्या नावानं मिळालेले, पण त्यांचे.

त्या तासांत दादा काय करायचे? काहीच नाही. तेच तर होतं. दाढी करायचे, पांढरा धुतलेला पायजमा घालायचे आणि आमच्या ओट्यावर पायावर पाय टाकून बसायचे. मालकांसमोर गडी पायावर पाय टाकून बसत नाही, मालक नसतानाही त्यांच्या शेतात बसत नाही. आठवड्यातून एकदाच ते पाय तसे बसलेले मी बघायचे. बाकीचे सहा दिवस दादांची भाकर फडक्यात बांधून शेतात जायची आणि दुपारपर्यंत वाळून जायची. सोमवारी माय रोजाला जायची नाही. ती तव्यावरून एक एक भाकर काढायची आणि दादा चुलीजवळ बसून खायचे. खाता खाता मालकांची नक्कल करायचे. मालक खोकून खोकून कसं बोलतेत, पाव्हणे आले की आवाज कसा बदलतेत. माय पदर तोंडाला लावून हसायची आणि म्हणायची, “गप बसा, भितीला कान असतेत.”

माझी शाळा गावातच. मधल्या सुट्टीत मी पळत घरी यायचे, कारण सोमवारी दादा वही बघायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. एक एक पान उलटून ते लाल शाईच्या खुणा बघायचे.

“हे लाल काय हाय?”

“बरोबर हाय म्हणून केलंय बाईंनी.”

“मग ह्या पानावर कमी का हाय?”

झालं, त्या पानाचा हिशोब द्यावाच लागायचा. मी गणितात पुढं राहिले ते त्या सोमवारांच्या धाकानं. बारावीला तालुक्यात आमच्या वस्तीतली पोरगी पहिल्या दहात आली, परभणीला बी.एस्सी.ला गेली, हॉस्टेलला राहिली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीही झालेलं नव्हतं. हे मी कुणाच्या मेहरबानीनं केलं नाही आणि ते सांगताना मी आवाज खाली घेत नाही. पण पुढची गोष्ट सांगायची तर तो आवाज थोडा खाली येतो.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आषाढात पंधरा दिवस झड लागली होती. सोयाबीनमध्ये तण एवढं माजलं की पीक कुठलं आणि तण कुठलं ते बांधावरून कळत नव्हतं. रविवारी ऊन पडलं. सोमवारी सकाळी जमिनीला वाफसा आला, म्हणजे तण काढायचं कोळपं चालेल एवढी ती सुकली. आणि मोबाइलवर मंगळवारी पुन्हा पाऊस दाखवत होता. कोळपणीला तो एकच दिवस होता आणि तो सोमवार होता.

मी सुट्टीला घरी आले होते. सकाळच्या गाडीनं परत निघायचं होतं, म्हणून दादांना भेटायला मालकांच्या गोठ्याकडं गेले. अंगणात मालक आणि शेजारचे दोन शेतकरी बसलेले. मालक वाईट माणूस नव्हते. अडलेले होते. बापानं पाळलेला नेम मोडायला त्यांना कुणाचा तरी शब्द पाहिजे होता.

“ये ये, सायन्सवाली आली,” ते म्हणाले. “उभी का? बस की खुर्चीवर.”

त्या अंगणात मला कधी कुणी खुर्ची दिलेली नव्हती. माझ्या मायला नाही, दादांना तर नाहीच. मी बसले.

“सांग बरं,” मालक म्हणाले. “तुमच्या कॉलेजात काय शिकवतेत? सोमवारी औत धरलं तर काय होतं?”

शेजारचा एक जण म्हणाला, “आरं लेकराला काय इचारतूस? पाप लागतंय.”

आणि मी बोलले. आजही ते वाक्य न् वाक्य मला पाठ आहे. “काही होत नाही, मालक. बैलाला वार कळत नाही. त्याला भूक कळते, ऊन कळतं, काठी कळते. सोमवार माणसांनी केलाय. तण पिकाचं खत खातं, पाणी खातं. आज कोळपलं नाही तर पिकाचा उतारा पडेल, आणि तो काय महादेव भरून देणार नाही.”

मालकांनी मांडीवर थाप मारली. “ऐका! आमच्या गड्याची पोरगी हाय ही. आपल्या पोट्ट्यायला येतंय का असं बोलाया?” आतून चहा आला, घरातल्या कपबशीत. तो मी पुरा प्यायले.

दादा पलीकडं वैरणीचा भारा काखेत धरून उभे होते. मालक त्यांच्याकडं वळले. “धर मग औत. तुझीच लेक म्हणायलीय.”

दादांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बोलणाऱ्याला आपण काय बोललो ते कळलंय का, हे बघतात तसं. मग म्हणाले, “जी,” आणि भारा खाली ठेवला.

फाट्यापर्यंत मी मान वर करून चालले. गाडीतून मालकांचं रान दिसतं. दादा कोळप्यामागं चालत होते. सोमवारचा पांढरा पायजमा, मी निघणार म्हणून सकाळीच घातलेला, गुडघ्यापर्यंत वर खोचलेला. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी मनात ते सगळं पुन्हा बोलून बघत होते आणि कुठलं वाक्य जास्त चांगलं झालं ते ठरवत होते.

काहीच झालं नाही. बैल बसला नाही, वीज पडली नाही, मालकांच्या घरात कुणाला ताप आला नाही. सोयाबीन उलट छान आलं. काहीतरी व्हायला पाहिजे होतं, असं मी नंतर किती वेळा म्हणाले असेन. निदान बैलाच्या खुराला काटा तरी लागायचा. पुढच्या सोमवारी राहिलेलं कोळपं झालं. त्याच्या पुढच्या सोमवारी दुसरं काहीतरी. पहिला सोमवार मोडायला पंधरा दिवसांचा पाऊस लागला, दुसऱ्याला कारणही लागलं नाही. मालक गावभर सांगत सुटले, “आमचं काय न्हाई बाबा, सायन्सवालीनं सांगितलंय.” चहाच्या हॉटेलात लोक दादांना म्हणायचे, “काय गड्या, तुझ्या लेकीनं महादेवालाच कामाला लावलं म्हनं!”

दादा हसायचे. “शिकल्याली हाय. लावणारच.”

मला हे कुणी कळवलं नाही. दिवाळीला घरी आले तेव्हा सोमवार होता. ओटा रिकामा होता. मायनं तीच फडक्यात बांधलेली भाकर खुंटीवरून काढली आणि म्हणाली, “जा, शेतात देऊन ये.”

“आज? आज तर सोमवार हाय.”

मायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. “तुला खुर्ची देली होती म्हनं बसाया.”

“हो.”

“लय महाग पडली माय ती खुर्ची.”

मी चिडले. मी काय खोटं बोलले, असं तिलाच विचारलं. बैलाला वार कळतो का? देव असा कामाचे वार मोजत बसतो का? मायनं ऐकून घेतलं आणि मग बोलली. ती शाळेची पायरी चढलेली नाही, पण तिच्या एवढं नीट मला कुठल्याच प्राध्यापकानं समजावून सांगितलेलं नाही.

“देव खरा का खोटा मला न्हाई कळत. सोमवार खरा होता. तू बैलाचं सांगितलंस. बैलामागं कोण चालतंय त्याचं न्हाई सांगितलंस.”

मी भाकर घेऊन शेतात गेले. दादा बांधावर उकिडवे बसून जेवले. मी वही नाही, पण मार्कांचं कार्ड नेलं होतं. त्यांनी बघितलं, हात पुसून बघितलं, पण काही विचारलं नाही. बैल उभे होते. दादा म्हणाले, “ऊन होईल, जा तू.”

पुढच्या पाडव्याला मी ठरवून गावी आले. सालाची बोली पाडव्याला होते. दादांसोबत मी मालकांकडं गेले. या वेळी खुर्ची मिळाली तरी बसले नाही. बोली ठरली, तेव्हा मी म्हणाले, “मालक, एक राहिलं. आठवड्याला एक दिवस दादांना सुट्टी पाहिजे. सोमवारी.”

मालक आधी हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. “कोणती सुट्टी?”

“आधी होती ती.”

“ती कुठं ह्याची होती? बैलाची होती. आन् तूच तर मोडलीस. सोमवारात काय न्हाई म्हणलीस का न्हाई, ह्याच अंगणात?”

“बैलासाठी काही नाही म्हणलं होतं. माणूस थकतो.”

“मग बैलाच्या मागं मी फिरू का सोमवारी?” ते खोकले. “सुट्टी पाहिजे तर हापिसात लाव बापाला. तू शिकल्याली हाईस. इथं शेती हाय बाई. पीक काय रविवार बघून वाढतंय का?”

माझ्याकडं उत्तर होतं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दादा पुढं झाले. दोन्ही हात जोडलेले.

“लेकरू हाय, मालक. शिकल्यालं हाय, बोलतंय. तुमी मनावर घेऊ नका.”

आयुष्यात मला दोनदा गप्प करण्यात आलं आहे. एकदा या हातांनी. दुसरी वेळ पुढं येईल.

परत येताना दादा नेहमीसारखे दोन पावलं पुढं चालत होते. मी मागून भांडत होते, कायदा, हक्क, जे येत होतं ते सगळं. वस्तीजवळ आल्यावर ते थांबले.

“तुला एक सांगू का? ती सुट्टी मला मालकानं देल्याली नव्हती. देवाच्या नावानं होती, म्हणून मला मागावी लागत नव्हती आन् त्याला द्यावी लागत नव्हती. आता मागितली की ती उपकाराची झाली. दर सोमवारी त्याचं तोंड बघून घ्यावी लागंल. तसली नको मला.”

एवढं मोठं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. मी आजही देवाला भीत नाही. सोमवारी बैलाला जुपलं तर काही होत नाही, हे माझं उत्तर विज्ञानाच्या पेपरात आजही बरोबर ठरेल. पण प्रश्न विचारणाऱ्याला कशासाठी पाहिजे ते न बघता मी उत्तर दिलं. पहिल्या पिढीत शिकलेल्यांची ही चूक असते. आम्हाला उत्तर येतं याचाच इतका आनंद असतो की उत्तर कुणाच्या कामी येणार ते आम्ही विचारत नाही. गडी मालकाला सांगू शकत नाही की आज मी बसणार. महादेव सांगू शकत होता. माझ्या बापाकडून बोलणारा त्या घरात तो एकटाच होता, आणि त्याला मी घराबाहेर काढलं. त्याच्या जागी कुणाला बसवायचं याचा मी विचार केला नव्हता. दुकानाला, कारखान्याला आठवड्याची सुट्टी असते म्हणून मी कागद धुंडाळले. सालगड्याच्या कामी येईल असं मला काही सापडलं नाही.

चार वर्षांनी मालकांनी बैल विकले आणि ट्रॅक्टर घेतला. बैलांची सुटका झाली. दादांची नाही. कापसाला पाणी, फवारणी, राखण, सोंगणीच्या बायांवर लक्ष. औत नव्हतं तरी काम होतं, सातही दिवस.

मी एम.एस्सी. केलं, परभणीतच एका खाजगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. तिथं रविवारी पोरांच्या परीक्षा असतात आणि सगळ्यांनी यायचं असतं. मी जात नाही. पहिल्याच महिन्यात लिहून दिलं. संचालकांनी बोलावून घेतलं. “मॅडम, सगळे येतात. तुम्हालाच काय अडचण आहे? घरी लहान मूल आहे का?” मूल आहे, पण ते कारण मी सांगितलं नाही. मी म्हणाले, “अडचण काही नाही. रविवारी मी बसून राहते.” स्टाफरूममध्ये माझं नाव ‘रविवार मॅडम’ पडलं आहे. माझ्यामागून आलेले दोघं माझ्या पुढं गेले. जाऊ देत. मी नाही म्हणू शकते, कारण माझ्याकडं डिग्री आहे आणि शहरात दुसरे क्लास आहेत. हे नाही म्हणणं मी कुणाच्या सोमवारावर शिकले, ते त्यांना सांगून उपयोग नाही.

दोन वर्षांपूर्वी दादांना मी साल धरू दिलं नाही. भांडून, रडून दोघांना परभणीला आणलं. मायला शहर मानवलं. तिनं आठ दिवसांत गल्लीतल्या चार जणी जोडल्या, संध्याकाळी त्यांची बैठक आमच्याच पायऱ्यांवर असते. दादांना बसता येत नाही. चारला उठतात. अंगण झाडतात, शेजाऱ्यांचंही झाडतात. माझी गाडी पुसतात, पुसलेली पुन्हा पुसतात. जेवायला बसले की पाच मिनिटांत ताट धुऊन ठेवतात. पायावर पाय टाकून बसलेले मी त्यांना या घरात एकदाही बघितलेलं नाही.

मागच्या महिन्यात रविवारी सकाळी बघते तर दादा पिशवी घेऊन तयार.

“कुठं निघालात?”

“गावाकडं. मालकाचा फोन आलता.”

“कशाला?”

“ट्रॅक्टरचा डायवर रविवारी येत न्हाई. त्याची सुट्टी असती. आन् पाण्याची मोटर बघाया माणूस न्हाई आज.”

मला आधी नीट कळलंच नाही. “त्याला सुट्टी देतात?”

“देतेत की. त्यानं पहिल्याच दिशी सांगितलं, रविवारी येणार न्हाई. जमत असंल तर ठेवा म्हणला.” दादांच्या आवाजात त्या पोराचं कौतुक होतं. “मालक म्हणले, बरं.”

एवढं सोपं होतं ते. तो डायवर दहावी नापास आहे, पण ट्रॅक्टर चालवणारा माणूस दुसरीकडं जाऊ शकतो. त्याच्या रविवारची भरपाई करायला माझा बाप निघाला होता, पासष्टीच्या पुढं, फुकट, फोनवर बोलावलं म्हणून.

माझा तोल गेला. मी ओरडले. “सव्वीस वर्षं कमी पडली का? आज कुठं जायचं नाही. मी कुणासाठी रविवार धरून बसलेय? बसा तिथं!”

माय आतून म्हणाली, “अगं, जाऊ दे त्यांना.” मी ऐकलं नाही.

दादांनी पिशवी भिंतीशी ठेवली. “जी,” म्हणाले नाहीत, पण तसेच वळले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाय जवळ जवळ, नजर दारापाशी कुठंतरी. मी समोर बसले. पेपर उघडला, वाचला नाही. मला वाटलं, बसतील, थोड्या वेळानं सैल होतील, काहीतरी बोलतील. ते हलले नाहीत. चहा दिला, संपवला, कप खाली ठेवला आणि हात पुन्हा गुडघ्यांवर. सांगितलेलं काम ते कधीच अर्धवट टाकत नाहीत.

तासाभरानं त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, “आता उठू का?”

दुसऱ्यांदा मी तेव्हा गप्प झाले. मान हलवली. ते उठले, पिशवी घेतली, चपला घातल्या आणि जिंतूरच्या गाडीनं गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा पाय चिखलानं भरलेले होते आणि ते मायशी मालकांच्या खोकल्याबद्दल काहीतरी बोलत होते. माय हसत होती. मी आतल्या खोलीत सोमवारच्या तासाची तयारी करत होते, दार लावून.